ती हिरवी वडी

'आई, आज आमच्या भातुकलीत बर्फीसुद्धा होती!'

गेल्या वर्षीची जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुरू होऊन दुसराच आठवडा. दुसरीतली माझी धाकटी शाळेतून आली, दप्तर भिरकावलं आणि दूध पिता पिता सांगायला लागली. मी चहाचं आधण ठेवलेलं. मुलांचं हे बोलणं आपण अर्धं ऐकतो आणि अर्धं सोडून देतो, तशीच मी 'हं, हं' करत होते.

'कसली गं बर्फी?'

'हिरवी हिरवी. निंबाखाली सापडली. चौकोनी वडी.'

माझ्या हातातली चहापत्तीची चमची तशीच राहिली. कारण ती हिरवी वडी निंबाखाली कुठून आली असेल, ते मला पक्कं ठाऊक होतं. ती वडी मीच शाळेत नेऊन ठेवली होती.

मैत्रिणींनो, ही गोष्ट लिहू की नको, असं वर्षभर चाललं होतं. स्वतःची चूक चारचौघांत सांगायला कुणाला आवडतं? पण पुन्हा जून येतो, पुन्हा शाळांच्या खोल्या उघडतात, पुन्हा तांदळाची पोती कुरतडलेली निघतात आणि पुन्हा कुणीतरी सहज म्हणतं, 'औषध टाका थोडं.' म्हणून लिहितेच.

आमचं तालुक्याचं गाव. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळा व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं म्हटलंय, त्यामुळे आमच्यासारख्या घरी असणाऱ्यांनाही खुर्ची मिळते. मी ती मनापासून सांभाळत होते. पहिल्याच बैठकीत पोषण आहाराच्या खोलीचा विषय निघाला. उन्हाळाभर बंद खोली. पोत्यांना भोकं पडलेली, तांदळात लेंड्या, डाळीची पिशवी फाडलेली. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी सूप भरून आणून दाखवलं. सगळ्यांनी नाकाला पदर लावले.

उंदीर म्हणजे नुसती नासाडी नाही, हेही आम्हाला माहीत होतं. उंदराच्या लघवीतून लेप्टोचा ताप पसरतो. २००५ च्या जुलैच्या महापुरानंतर मुंबईत या तापानं किती घरं हवालदिल झाली, ते पेपरात आपण वाचलेलंच आहे. तेव्हा काहीतरी करायला हवं होतं, यात वादच नव्हता. 'मी आणते औषध,' मी पुढे होऊन म्हटलं. कृषी केंद्रातून स्वतःच्या पर्समधल्या पैशांनी पाकीट आणलं. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर शिपाईमामा आणि मी मिळून वड्या ठेवल्या. पोत्यांमागे, कपाटाखाली, मोरीपाशी, बाहेर गटाराच्या कडेला. रविवारी उंदीर खातील, सोमवारी सकाळी उरलेल्या उचलू, असा हिशोब. किती वड्या ठेवल्या ते मोजलं नाही. कुठे कुठे ठेवल्या ते लिहून ठेवलं नाही. पाकिटावर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचलं नाही. सोमवारी शिपाईमामांनी दिसल्या तेवढ्या उचलल्या. काम झालं!

आपण त्याला 'औषध' म्हणतो ना, तिथेच खरी गोम आहे. 'उंदराचं औषध', 'ढेकणाचं औषध', 'पिकावरचं औषध'. औषध म्हटलं की हात सैल होतो. 'विष' म्हटलं असतं, तर साठ-सत्तर पोरं जिथे बागडतात तिथे मी ते पर्समध्ये घालून नेलं असतं का?

आणि उंदराचं एक मला माहीतच नव्हतं. तो ठेवलेलं जागेवर बसून खाईलच असं नाही. आवडलं तर तोंडात धरून बिळाकडे ओढत नेतो, साठवतो, वाटेत टाकूनही देतो. म्हणजे आपण वडी कपाटाखाली ठेवली, तरी ती तिथे राहील याचा काही भरवसा नाही.

पुन्हा त्या संध्याकाळकडे वळते. गॅस बंद केला. मुलीला जवळ घेऊन विचारलं, 'तू खाल्लीस?' आवाज चढवायचा नाही, असं स्वतःला बजावत होते.

'नाही गं. मी तर आई झाले होते. मी वाढत होते सगळ्यांना.'

'मग कुणी खाल्ली?'

'पानावर वाढली सगळ्यांना, खोटी खोटी. पण छोटूनं खरीच चावली.'

छोटू म्हणजे खिचडीवाल्या मावशींचा नातू. चार वर्षांचं पोर. त्याची आई मजुरीला जाते, म्हणून आजीबरोबर शाळेत येतं आणि दिवसभर अंगणात खेळतं. मुलीचे हात साबणानं खसाखसा धुतले, तिला शेजारी सोडलं आणि स्कूटी काढली. पाकीट फेकलेलं नव्हतं, एवढी एकच देवाची कृपा. ते उचलून पर्समध्ये टाकलं.

मावशींच्या घरी पोहोचले, तर छोटू दारात टायर पळवत होता. छान, हसरा. मला वाटलं, मी उगीच घाबरले. मावशींना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. गल्लीतल्या बायका मात्र जमल्या. 'मिठाचं पाणी पाजा', 'दूध-तूप द्या', 'बोटं घालून उलटी काढा'. एका आजींनी ग्लास आणला. आणि खरं सांगते, तो ग्लास त्याच्या तोंडाला मीच लावला. तो रडला, दोन घोट गिळले, उलटी काही झाली नाही. मग मावशी त्याला मांडीवर घेऊन मागे बसल्या आणि आम्ही ग्रामीण रुग्णालय गाठलं.

ड्युटीवर तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'काय खाल्लं?' मी पाकीट पुढे केलं. दुसरा प्रश्न, 'किती खाल्लं आणि किती वाजता?' वेळ सांगता आली. दीड वाजता, मधल्या सुट्टीत. किती, ते सांगता येईना. तिसरा प्रश्न, 'काही पाजलंत का?' मिठाचं पाणी म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

'अहो, लहान मुलाच्या पोटात एवढं मीठ गेलं तर त्याचाच त्रास होतो. आणि उलटी काढताना ते श्वासनलिकेत गेलं तर आणखी एक संकट. काही पाजायचं नसतं. तोंड पुसायचं आणि आणायचं.'

मग त्यांनी पाकिटावरचं नाव वाचलं. ब्रोमाडिओलोन, ०.००५ टक्के. म्हणजे शंभर किलो खाद्यात अवघे पाच ग्रॅम विष. आकडा ऐकून मला हायसं वाटलं. त्या म्हणाल्या, 'प्रमाण कमी आहे आणि एखादा घास गेला असेल तर बहुतेक काही होत नाही. पण हे विष लगेच दिसत नाही. रक्त गोठण्यासाठी शरीराला व्हिटॅमिन के लागतं. हे त्याचं काम अडवतं. शरीरात आधी तयार असलेला साठा दोन-तीन दिवस पुरतो, तोवर मूल अगदी ठणठणीत खेळतं. साठा संपला की मग हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग पडतात. म्हणून आज तपासून उपयोग नाही. ४८ तासांनी आयएनआर करू.'

आयएनआर! हा शब्द मला पाठ होता. सासूबाईंच्या हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी आहे आणि त्यासाठी मीच त्यांना या तपासणीला नेते. मी तसं म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या, 'एकाच घराण्यातली आहेत ही.' नंतर मी याबद्दल वाचलं तेव्हा चाटच पडले. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात सडलेला गोड क्लोव्हर नावाचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ शोधला गेला आणि त्यावरूनच पुढे वॉरफेरिन बनलं. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांचं औषध म्हणून त्याला परवानगी मिळाली. सासूबाई जे मोजूनमापून, तपासण्या करून घेतात, त्याचाच जास्त तिखट भाऊबंद मी न मोजता शाळेच्या अंगणात पेरून आले होते. ब्रोमाडिओलोन वॉरफेरिनपेक्षा कितीतरी जास्त दिवस शरीरात मुक्काम ठोकतं. म्हणून उपचारही लांबतो. त्यावर उतारा आहे, व्हिटॅमिन के-१. पण तो वेळेवर आणि डॉक्टरांच्या हातूनच.

'तुमचं नशीब,' मॅडम जाताना म्हणाल्या, 'की ही वडी होती. काळी पूड किंवा ट्यूब असती, तर मी तुम्हाला घरी पाठवलं नसतं.'

काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाईड. पिठाच्या गोळ्यात कालवून ठेवतात ती. ती पोटातल्या आम्लात मिसळली की फॉस्फीन नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला उतारा नाही. ट्यूबमधली पेस्ट म्हणजे बहुतेक वेळा पिवळा फॉस्फरस. ती तर फार फसवी. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणसाला बरं वाटतं, घरचे दवाखान्यातून घरी घेऊन जातात आणि मग यकृत निकामी होतं. यालाही ठरलेला उतारा नाही. आणि धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, यातूनही तोच फॉस्फीन वायू निघतो. या गोळ्या प्रशिक्षित माणसांखेरीज कुणी वापरायच्याच नाहीत, असा नियम आहे. आमच्या बैठकीत एका पालकांनी 'दोन गोळ्या खोलीत टाकून दार लावून घेऊ' असं सुचवलं होतं. त्या खोलीला लागूनच पहिलीचा वर्ग आहे! आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

त्या रात्री मुख्याध्यापक सर, शिपाईमामा आणि मी बॅटऱ्या घेऊन शाळेचं अंगण पालथं घातलं. पाकिटावरून हिशोब केला, वड्या होत्या बारा. सकाळी उचललेल्या आणि रात्री मिळालेल्या मिळून सात झाल्या. आठवी निंबाखाली, पिंपळाच्या पानावर. तिच्या कोपऱ्यावर चार बारीक दातांचे ठसे होते. दोन भिंतीच्या पायथ्याला बीळ खणल्यावर निघाल्या. आणि उरलेल्या दोन? त्या कधीच सापडल्या नाहीत. पुढे महिनाभर मी शाळेत गेले की नजर जमिनीवरच असायची.

मंगळवार गेला. छोटू खेळत होता. मावशी नेहमीप्रमाणे येऊन खिचडी शिजवत होत्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. बुधवारी संध्याकाळी त्याचं रक्त घेतलं. रिपोर्ट यायला वेळ होता, तोवर मी रुग्णालयाच्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसून राहिले. रिपोर्ट नॉर्मल आला. मॅडमनी आणखी दोन दिवसांनी पुन्हा एकदा करून घेतला, तोही नॉर्मल. पोरानं एक कोपरा कुरतडून थुंकून टाकला असावा.

तेव्हा मावशी बोलल्या.

'वहिनी, तुम्ही काय मुद्दाम केलं का? पण मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. नळाचा पाइप जिथनं आत येतो ना, तिथं भोक आहे. मूठ जाईल एवढं. सगळे तिथनंच येतात. दोन वर्षं झाली, मी बघते.'

दोन वर्षं! रोज त्या खोलीत राबणाऱ्या बाईला उंदरांचा रस्ता ठाऊक होता आणि आम्ही खुर्च्यांवर बसून 'औषध' ठरवत होतो. त्यांना सूप घेऊन बोलावलं आणि सूप दाखवून झाल्यावर बाहेर पाठवलं. विचारलं कुणीच नाही.

हे ऐकताना मला बिहारची ती बातमी आठवली. १६ जुलै २०१३. सारण जिल्ह्यातलं धर्मासती गंडामन गाव. शाळेतलं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. तिथे उंदराचं नाही, पिकावरचं विष होतं. मोनोक्रोटोफॉस. ते स्वयंपाकाच्या तेलात गेलं होतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना तेलाबद्दल शंका आली होती आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली होती, असं तेव्हा बातम्यांमध्ये आलं होतं. पुढे २०१६ मध्ये मुख्याध्यापिकेला शिक्षाही झाली. पण गेलेली लेकरं परत येत नाहीत. विष आणि अन्न एका छपराखाली आलं आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईचं कुणी ऐकलं नाही, की काय होतं ते त्या गावानं भोगलं.

पुढच्या बैठकीत मी उभी राहून सगळं सांगितलं. आणि या वेळी मावशींना खुर्ची दिली. त्या सांगत गेल्या, सर लिहीत गेले.

पाइपाजवळचं भोक तारेचा चोथा आणि काच कोंबून सिमेंटनं बुजवलं. गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी, बस. उंदराचं पिल्लू पेन्सिलीएवढ्या फटीतूनही घुसतं, म्हणून दाराखाली पत्र्याची पट्टी मारली आणि मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. मोडक्या बाकांच्या फळ्यांची मांडणी करून पोती जमिनीपासून फूटभर उंच आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवली, म्हणजे मागे काय चाललंय ते दिसतं. डाळ आणि कडधान्यांसाठी दोन पालकांनी झाकणाच्या पत्र्याच्या कोठ्या दिल्या. मुलं डबे आणि ताटं जिथे धुतात तिथे खरकटं साचत होतं. ते रोज उचलून बादलीतून एका पालकांच्या गोठ्यात जाऊ लागलं.

आणि आणले चार पिंजरे. आपल्या आजीच्या वेळचे, लाकडी फळीचे. आत शेंगदाणे, कधी भज्याचा तुकडा. उंदीर नवीन वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले दोन दिवस पिंजरे नुसतेच उघडे ठेवा, हेही मावशींनीच सांगितलं. पहिल्या पंधरवड्यात एकवीस उंदीर सापडले! त्यांना कुठे सोडायचं, यावरून शेतकरी पालकांत चांगलीच जुंपली. 'आमच्या रानाकडे फिरकायचं नाही' अशी तंबी शिपाईमामांना मिळाली. पुढे त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. नंतर आकडा उतरत गेला. आज आठवड्याला एखादा सापडतो, कधी तोही नाही. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, तेव्हा खाणं आणि वाट बंद केल्याशिवाय नुसतं मारून त्यांची संख्या कमी होत नाही, हे आता आम्हाला पटलंय.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. त्या वड्यांनंतर आठवडाभर तिसरीच्या वर्गात कुजका वास येत होता. कौलांत उंदीर मरून पडला होता. आणि शाळेतली भुरी मांजर, जी मुलांच्या डब्यातली पोळी खायची, ती तेव्हापासून दिसली नाही. विष खाल्लेला उंदीर जड होतो, पटकन सापडतो. मांजर, घुबड, धामण त्याला खातात आणि विष त्यांच्या पोटात जातं. ज्यांनी उंदीर कमी करायचे, त्यांनाच आपण मारतो.

अमेरिकेतसुद्धा सहा वर्षांखालची हजारो मुलं दरवर्षी उंदराच्या विषाच्या संपर्कात येत होती. म्हणून तिथल्या पर्यावरण संस्थेनं २००८ मध्ये ठरवलं, की घरगुती वापरासाठी सुट्या गोळ्या विकायच्या नाहीत, मुलांना उघडता येणार नाही अशा डबीतूनच द्यायच्या. आपल्याकडे आपण आपलाच नियम करायला काय हरकत आहे? आमच्या समितीनं ठराव केला: शाळेच्या आवारात विष नाही. अगदीच नाइलाज झाला तर सुट्टीच्या दिवसांत, जाणकार माणसाकडून, कुलपाच्या डबीत, मोजून आणि नोंदवहीत लिहून.

यंदा शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी आणि मावशी मिळून ती खोली झाडली. छोटू आता अंगणवाडीत जातो. त्यानं दारातून डोकावून विचारलं, 'आज्जे, उंदीरमामा कुठं गेले?' मावशी हसल्या. मी मात्र सवयीनं खाली वाकून कपाटाखाली पाहिलं. तिथे काही नव्हतं.

हे लक्षात ठेवा

- मुलानं उंदराचं विष तोंडात घातल्याची नुसती शंका आली, तरी डॉक्टरांकडे जा. मूल खेळतंय म्हणून थांबू नका.
- तोंडातले कण ओल्या फडक्यानं पुसा, हात साबणानं धुवा.
- मिठाचं पाणी, दूध, तूप, तेल काही पाजू नका. बोटं घालून उलटी काढू नका.
- आपोआप उलटी झाली तर खिडक्या उघडा, त्यावर वाकू नका. काही विषांच्या उलटीतून वायू निघतो.
- विषाचं पाकीट, ट्यूब किंवा उरलेला तुकडा बरोबर न्या. किती वाजता आणि किती खाल्लं ते सांगा.
- १०८ ला फोन करा. दिल्लीच्या 'एम्स'मधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा मोफत क्रमांक: १८०० ११६ ११७, चोवीस तास.
- विष कधीही पुडीत, जुन्या डब्यात किंवा बाटलीत काढून ठेवू नका. मूळ पाकिटातच, कुलपात आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.
- मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नका. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून उचला आणि खोल पुरा.
- आणि शाळेत काही ठरवायचं असेल, तर आधी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना विचारा.